सिरम फॉस्फरस १.४ : दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराच्या हाडदुखीचे प्रकरण

दिंडोरी तालुक्यातील ४१ वर्षांचे एक द्राक्षबागायतदार तीन वर्षांच्या अंगदुखीनंतर नाशिकमध्ये आमच्याकडे तपासणीसाठी आले. तेव्हा त्यांच्या रिपोर्टांच्या पिशवीत कंबरेचे दोन एमआरआय, छातीचे आणि खुब्यांचे एक्स-रे, संधिवाताच्या रक्ततपासण्या, मणक्याच्या संधिवाताशी निगडित एचएलए-बी२७ या खुणेचा अहवाल, ड जीवनसत्त्वाचे चार अहवाल आणि हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन एवढे सगळे होते. रक्तातील फॉस्फरस मात्र त्या तीन वर्षांत कोणी एकदाही मोजलेला नव्हता. तो मोजल्यावर १.४ मि.ग्रॅ./डे.ली. निघाला. प्रौढांमध्ये हा आकडा साधारणपणे २.५ ते ४.५ असतो. हे प्रकरण सविस्तर लिहिण्यामागे हा एकच आकडा आहे, कारण त्यापासून निघालेला माग थेट एका मानवी जनुकापर्यंत आणि त्या जनुकाने सांगितलेल्या प्रथिनापर्यंत जातो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लघवीतून फॉस्फेट वाहून जाऊन हाडे मऊ होण्याची ही व्याधी दुर्मिळ आहे, पण तिच्या दारापर्यंत नेणारी तपासणी कोणत्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होते आणि ती महाग नाही. म्हणून हा लेख केवळ तज्ज्ञांसाठी लिहिलेला नाही.

दुखण्याचा क्रम

दुखणे उजव्या पावलात सुरू झाले. गोडी छाटणीनंतर बागेत दिवसभर उभे राहून डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) आणि थिनिंगची (मणी विरळ करण्याची) कामे करवून घेण्याचे ते दिवस असल्याने पाय दुखण्यात कोणाला वेगळे काही वाटले नाही. दोन-तीन महिन्यांत दुखणे बरगड्यांत आले, शिंकताना किंवा कुशीवर वळताना कळ येऊ लागली, आणि पुढच्या हंगामापर्यंत दोन्ही जांघांत आणि कमरेत ते कायमचे मुक्कामाला आले. दुखण्यापेक्षाही रुग्णाला खचवणारी गोष्ट वेगळी होती. जेवायला मांडी घालून बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठता येईना. "डॉक्टरसाहेब, दुखणं सोसतो, पण मांड्यांत जीवच राहिला नाही," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. आमच्या मते संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते. मणक्याची गादी सरकल्यामुळे किंवा सांध्यांच्या सुजेमुळे माणूस वेदनेने उठत नाही; इथे माणूस ताकद नसल्यामुळे उठत नव्हता.

आधीच्या उपचारांतील प्रत्येक पायरी त्या त्या वेळी समजण्यासारखी होती, हे नमूद करणे आवश्यक आहे. कंबरदुखीसाठी एमआरआय केला तर चाळिशीच्या शेतकऱ्याच्या मणक्यात गादीचा फुगवटा दिसतोच, आणि तो दिसल्यावर दुखण्याला कारण मिळाल्यासारखे वाटते. सकाळचा ताठरपणा आणि जांघांतील वेदना यांवरून मणक्याच्या संधिवाताचा संशय घेतला गेला. एचएलए-बी२७ नकारात्मक आला, तरीही काही महिने सल्फासॅलाझीन दिले गेले. ड जीवनसत्त्व कमी आढळले म्हणून साठ हजार युनिटची पाकिटे आठवड्याला एक याप्रमाणे दिली गेली, आणि रक्तातील पातळी ३८ नॅनोग्रॅमपर्यंत नीट वाढली. दुखणे मात्र वाढतच राहिले, आणि खरे तर याच जागी थांबून विचार करायला हवा होता. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मऊ झालेली हाडे त्याची भरपाई झाल्यावर काही महिन्यांत सुधारू लागतात. ती सुधारत नसतील तर हाडांना दुसऱ्याच कशाची तरी उणीव आहे.

डेक्सा स्कॅनमध्ये घनता बरीच कमी आली आणि त्यावरून हाडांच्या ठिसूळपणाचे, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचे, निदान होऊन वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक आम्ल सुचवण्यात आले. ते इंजेक्शन रुग्णाने द्राक्षांची काढणी आटोपेपर्यंत पुढे ढकलले होते, हे चांगले झाले. डेक्सा हाडातील खनिजाची बेरीज सांगतो, खनिज कमी का आहे ते सांगत नाही. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडच कमी असते. ऑस्टिओमलेशियामध्ये हाडाचा प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, पण त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट बसत नाही, म्हणजे स्लॅबच्या सळ्या बांधून व्हाव्यात आणि काँक्रीट यावेच नाही, तशी अवस्था असते. अशा हाडांवर झोलेड्रॉनिक आम्ल दिल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

तपासणीत बरगड्या आणि नडगीची हाडे दाबल्यावर दुखत होती, खुब्याजवळचे स्नायू स्पष्टपणे कमजोर होते, पण संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत होत्या. चालताना शरीर दोन्ही बाजूंना झुलत होते. उंची त्यांच्या जुन्या नोंदीपेक्षा चार सेंटिमीटरने कमी भरली. खुब्यांच्या एमआरआयमध्ये दोन्ही मांडीच्या हाडांच्या मानेला आरपार न गेलेली भेग होती, आणि दुखणे जिथून सुरू झाले त्या पावलातील हाडांतही जुने, अर्धवट भरलेले फ्रॅक्चर दिसले. एवढ्या ठिकाणी हाड मोडलेले असताना एकही अपघात झालेला नव्हता.

आकडे काय सांगत होते

कॅल्शियम ९.१, क्रिएटिनिन ०.८, अल्कलाइन फॉस्फटेज ३१२, पॅराथॉर्मोन सामान्य मर्यादेच्या किंचित वर, आणि फॉस्फरस १.४. कॅल्शियम सामान्य असल्यामुळेच आजवर हाडांच्या चयापचयाकडे कोणाचे लक्ष गेले नसावे. आपल्याकडे हाड म्हणजे कॅल्शियम हे समीकरण रुग्णांच्या मनात जितके पक्के आहे तितकेच ते डॉक्टरांच्या तपासणीच्या चिठ्ठीतही पक्के आहे. फॉस्फेट, म्हणजे रक्तात फॉस्फरस ज्या रूपात असतो ते, नसेल तर हाडात नुसते कॅल्शियम बसत नाही, आणि स्नायूंना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणूही फॉस्फेटशिवाय तयार होत नाही. रुग्णाच्या मांड्यांतील 'जीव' गेला होता तो यामुळे.

फॉस्फरसच्या एका आकड्यावर इमारत उभी करू नये. जेवणानंतर, विशेषतः पिष्टमय जेवणानंतर, फॉस्फेट पेशींत शिरते आणि रक्तातील पातळी तात्पुरती घसरते; उलट नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तर ती खोटी वाढते. म्हणून सकाळी उपाशीपोटी, काळजीपूर्वक घेतलेल्या नमुन्यावर तपासणी पुन्हा केली आणि आकडा तोच आला. इथे एक बाजूची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिची किंमत लहान मुले मोजतात. वाढत्या वयाच्या मुलांचा फॉस्फरस प्रौढांपेक्षा बराच जास्त असतो, परंतु अनेक लॅबच्या छापील अहवालावर प्रौढांचीच मर्यादा असते. पाय वाकलेल्या चार वर्षांच्या मुलाचा फॉस्फरस २.८ आला तर त्या कागदावर तो 'नॉर्मल' दिसतो आणि जन्मजात मुडदूस वर्षानुवर्षे निसटून जातो.

पुढचा प्रश्न असा होता, की फॉस्फेट शरीरात येतच नाही की आलेले वाहून जाते? यासाठी एकाच वेळी घेतलेले रक्त आणि लघवी पुरतात. लघवीतील फॉस्फरस ४० आणि क्रिएटिनिन ८० मि.ग्रॅ./डे.ली. होते. त्यावरून मूत्रपिंड गाळलेल्या फॉस्फेटपैकी सुमारे ७१ टक्केच परत शोषत असल्याचे निघाले, आणि गाळणीच्या प्रमाणात काढलेली शोषणाची कमाल मर्यादा जेमतेम १.० भरली, ती रक्तातील सामान्य फॉस्फरसइतकीच, म्हणजे २.५ च्या वर, असायला हवी. रक्तात फॉस्फेटचा दुष्काळ असताना निरोगी मूत्रपिंड लघवीत जवळजवळ काहीच जाऊ देत नाही. इथे ते उदारपणे सांडत होते.

मूत्रपिंडाच्या नलिकांना सरसकट इजा झाली असती, तर फॉस्फेटबरोबर ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि बायकार्बोनेटही वाहून गेले असते. टेनोफोव्हिरसारखी औषधे आणि कॅडमियमसारखे धातू अशी इजा करू शकतात, म्हणून आम्ही औषधांचा, भस्मांचा आणि फवारणीचा इतिहास बारकाईने विचारला. परंतु लघवीत ग्लुकोज नव्हते आणि बायकार्बोनेट सामान्य होते. शिरेतून लोह घेतले होते का, हेही मुद्दाम विचारले. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे आपल्याकडे रक्तक्षयासाठी, विशेषतः स्त्रियांना, मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे इंजेक्शन काही जणांमध्ये फॉस्फरस बराच खाली आणते, आणि वारंवार दिल्यास हाडेही मऊ होऊ शकतात. या रुग्णाने ते घेतले नव्हते. याचा अर्थ नलिका शाबूत होत्या, आणि त्यांना फॉस्फेट सोडून देण्याचा हुकूम कोणीतरी देत होते.

हुकूम देणारे प्रथिन आणि त्याचे जनुक

फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर (एफजीएफ) या वृद्धिघटकांच्या कुटुंबात माणसात २२ प्रथिने आहेत. त्यांपैकी बहुतेक जिथे तयार होतात तिथेच, शेजारच्या पेशींवर, काम करतात; ऊतींतील हेपॅरिनसदृश रेणूंना ती घट्ट चिकटून राहतात, त्यामुळे दूर जाऊ शकत नाहीत. एफजीएफ१९, एफजीएफ२१ आणि एफजीएफ२३ ही तीन प्रथिने याला अपवाद आहेत. हेपॅरिनशी त्यांची जवळीक क्षीण असल्याने ती रक्तात उतरतात आणि संप्रेरकांसारखी दूरच्या अवयवांना संदेश देतात. एफजीएफ२३ मुख्यतः हाडांतील पेशी तयार करतात आणि त्याचा संदेश मूत्रपिंडासाठी असतो. हाड हा नुसता आधाराचा खांब नसून संप्रेरक स्रवणारा अवयवही आहे, ही समजूत या प्रथिनामुळे पक्की झाली.

या प्रथिनाचे जनुक १२ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. त्याचे प्रथिन सांगणारे तीनच खंड आहेत आणि त्यांवरून २५१ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. पहिली २४ आम्ले पेशीबाहेर पडताना कापली जातात. उरलेल्या साखळीत १७९ आणि १८० या क्रमांकांच्या मध्ये एक नाजूक जागा आहे; तिथे पेशीतील कात्रीसारखे विकर साखळी तोडते आणि प्रथिन निकामी होते. प्रथिनाचा एक तुकडा वृद्धिघटकाच्या ग्राहीला (पेशीवरील संदेश घेणाऱ्या रेणूला) धरतो आणि दुसरा क्लोथो नावाच्या सहग्राहीला, त्यामुळे साखळी अखंड असेल तरच संदेश पोचतो. तोडण्याच्या जागेशेजारच्या १७८ व्या थ्रिओनीनवर साखरेचा रेणू बसला, तर साखळी तुटण्यापासून वाचते. म्हणजे शरीर या संप्रेरकाचे नियमन दोन ठिकाणी करते: किती बनवायचे, आणि बनवलेल्यापैकी किती अखंड ठेवायचे. लोहाच्या कमतरतेत हे जनुक जास्त चालते, पण बहुतेक प्रथिन तोडले जाते, म्हणून फॉस्फेट टिकून राहते. वर उल्लेख केलेले लोहाचे इंजेक्शन अखंड प्रथिनाचे प्रमाण वाढवते, म्हणून फॉस्फेट घसरते.

या जनुकापर्यंत वैद्यक दोन वेगळ्या वाटांनी आणि जवळजवळ एकाच वेळी पोचले. फॉस्फेट वाहून जाण्याचा आजार पिढ्यान्पिढ्या असलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून २००० साली संशोधकांच्या एका गटाने एफजीएफ२३ या जनुकातील बदल शोधले. ते सारे बदल १७६ आणि १७९ या दोन आर्जिनीनच्या जागी होते, म्हणजे नेमके तोडण्याच्या खुणेवर. प्रथिनात नवे काहीच आले नव्हते. ते तुटायचे थांबले होते. दुसरी वाट गाठींची होती. हाडे मऊ झालेल्या रुग्णाच्या शरीरातील एखादी लहानशी गाठ काढली की तो बरा होतो, असे रुग्ण विसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदले गेले होते. १९५९ साली प्राडर यांनी बरगडीतील गाठ असलेल्या एका मुलीच्या मुडदुसाचे कारण ती गाठच असल्याचे ओळखले. गाठ काय स्रवते हे मात्र चार दशके गूढ राहिले. २००१ साली जपानमधील शिमादा आणि सहकाऱ्यांनी अशा गाठीतून जो घटक वेगळा काढला तो एफजीएफ२३ होता. हे प्रथिन बनवणाऱ्या पेशी उंदरांत रोवल्यावर त्यांच्या रक्तातील फॉस्फेट घसरले आणि हाडे मऊ झाली. कुटुंबांत जे प्रथिन तुटत नव्हते तेच गाठींत अमर्याद तयार होत होते.

क्लोथोचा धागा याहून जुना आहे. कुरो-ओ यांनी १९९७ मध्ये वर्णन केलेल्या, हे जनुक बिघडलेल्या उंदरांत फॉस्फेट वाढते, धमन्यांत चुना साचतो आणि आयुष्य आखूड होते. पुढे एफजीएफ२३ नसलेले उंदीर तयार केल्यावर ते हुबेहूब तसेच दिसले, आणि २००६ पर्यंत हे सिद्ध झाले, की एफजीएफ२३ ला मूत्रपिंडात आपले काम करण्यासाठी क्लोथो लागते. ते काम दुहेरी आहे. नलिकांच्या पेशींच्या काठावरील फॉस्फेट ओढून घेणारे वाहक एफजीएफ२३ पेशीच्या आत ओढून काढून टाकते, आणि ड जीवनसत्त्वाला सक्रिय रूप देणारे विकर दाबून त्याचा नाश करणारे विकर वाढवते. म्हणून या रुग्णाच्या रक्तात साठवणीचे ड जीवनसत्त्व भरपूर असूनही सक्रिय ड जीवनसत्त्व १८ पिकोग्रॅमच होते, जे फॉस्फेट इतके कमी असताना उलट वाढलेले असायला हवे. साठ हजारांची पाकिटे निष्फळ का ठरली, याचे उत्तर या एका ओळीत आहे: कच्चा माल पोचत होता, पण त्याला सक्रिय करणारे विकर एफजीएफ२३ ने दाबून ठेवले होते.

जनुकाची ही माहिती रुग्णशय्येजवळ थेट उपयोगी पडली. प्रौढ वयात, तेही लोहाच्या कमतरतेत, वर आलेला आनुवंशिक प्रकार असू शकतो. एक्स गुणसूत्रावरील फेक्स जनुकाच्या दोषाचा सौम्य प्रकारही असू शकतो. रुग्णाच्या कुटुंबात कोणाचे पाय वाकलेले नव्हते, उंची सर्वांची सामान्य होती, लोहाचा साठा पुरेसा होता. तरी निर्णायक पुरावा त्या पिशवीतच निघाला. पाच वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी केलेल्या तपासणीत कॅल्शियम आणि युरिक आम्लाबरोबर फॉस्फरसही मोजलेला होता, आणि तो ३.४ होता. म्हणजे दोष जन्मजात नव्हता, तो नंतर आला होता. आपल्याकडे लोक जुने रिपोर्ट जपून ठेवतात, ही सवय किती मोलाची आहे ते अशा वेळी कळते.

एफजीएफ२३ साठी रक्त नाशिकमध्येच घेऊन, प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवून मुंबईला पाठवला, कारण हे प्रथिन नमुन्यातही तुटत राहते. पातळी ४६० आली; त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १८० होती. फॉस्फरस १.४ असताना हे प्रथिन जवळजवळ शून्यावर यायला हवे, म्हणून अशा रुग्णात ते 'सामान्य' आले असते तरीही आम्ही ते असामान्यच धरले असते.

गाठीचा शोध

गाठ कुठेतरी आहे एवढे ठरले, पण अशा गाठी बहुधा लहान, संथ आणि न दुखणाऱ्या असतात. मांडी, पाऊल, जबडा, नाकाच्या पोकळ्या अशा कुठल्याही जागी बसलेल्या असतात. म्हणून स्कॅनच्या आधी रुग्णाला पूर्ण तपासणे, तोंडात बोट घालून हिरड्या आणि टाळू चाचपणे, तळपाय उलटून पाहणे आवश्यक असते. उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, वाटाण्याहून थोडी मोठी, घट्ट, न दुखणारी गाठ हाताला लागली. रुग्णाला ती चार वर्षांपासून माहीत होती. बागेत अनवाणी फिरण्याने कुरूप झाले, असे समजून त्यांनी ती कोणाला दाखवली नव्हती, आणि तीन वर्षांत कोणी त्यांच्या तळपायाला हात लावलेला नव्हता.

तरीही गाठ दिसली म्हणून ती कापली, असे करून चालत नाही. तळव्यात खरोखरच साधी गाठ असू शकते. अशा गाठींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिनच्या ग्राही असतात, म्हणून गॅलियम-६८ डोटाटेट हा किरणोत्सारी रेणू देऊन पेट-सीटी केला. दोन्ही खुब्यांना भेगा असलेल्या रुग्णाला गाडीत आडवे झोपवून कसाऱ्यामार्गे मुंबईला न्यावे लागले. स्कॅनच्या चिठ्ठीवर 'डोक्याच्या शेंड्यापासून पायाच्या बोटांपर्यंत' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले, कारण नेहमीचा पेट स्कॅन मांडीच्या मध्यापर्यंत थांबतो आणि हा रुग्ण त्या स्कॅनमध्ये निर्दोष ठरला असता. बरगड्यांतील भरत आलेल्या भेगांनीही थोडा पदार्थ धरला होता, जे अपेक्षित असते. पण तळव्यातील जागा त्यांच्याहून कितीतरी ठळक होती, आणि एमआरआयमध्ये ती मऊ ऊतींतील, हाडाला न चिकटलेली, दीड सेंटिमीटरची गाठ म्हणून दिसली.

कुटुंबाचे प्रश्न

निदान समजावताना रुग्णाच्या पत्नीने विचारलेला प्रश्न इथे लिहावासा वाटतो, कारण नाशिक जिल्ह्यात तो पुन्हा पुन्हा विचारला जाईल. "मण्यांच्या वाढीसाठी आम्ही जीए वापरतो, घडं हातानं बुडवतो. तेच वाढीचं औषध यांच्या अंगात उतरलं का?" जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, हे वनस्पतींचे संप्रेरक आहे, प्रथिन नाही, एफजीएफ२३ हे मानवी जनुकावरून माणसाच्याच पेशीत बनणारे प्रथिन आहे, एकातून दुसरे तयार होत नाही, आणि या गाठींचा जीएशी संबंध असल्याचा पुरावा नाही. अशा अनेक गाठींत फायब्रोनेक्टिन आणि एफजीएफ ग्राही-१ या दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले गेलेले आढळतात, आणि हा बदल फक्त गाठीच्या पेशींत असतो. त्यामुळे दोन मुलांना हा आजार वारशाने जाणार नाही, हेही त्यांना ठामपणे सांगता आले. फवारणी करताना हातमोजे आणि मास्क वापरावेत, हा सल्ला आपल्या जागी योग्यच आहे, पण तो या आजारासाठी नव्हे.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

शस्त्रक्रियेची तयारी होईपर्यंत फॉस्फेटचे औषध दिवसातून चार वेळा विभागून आणि सोबत कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे आधीच सक्रिय केलेले रूप, दिले. फॉस्फेट एकाच वेळी जास्त दिले तर जुलाब होतात आणि काही तासांत ते लघवीतून निघूनही जाते. प्रमाण वाढवत नेले तर मूत्रपिंडात चुना साचू शकतो. गाठ सापडतच नसेल किंवा काढता येत नसेल, तर एफजीएफ२३ ला रक्तातच पकडणारी बुरोसुमॅब ही प्रतिपिंडे आहेत. अमेरिकेत त्यांना २०१८ मध्ये एक्स गुणसूत्राशी निगडित आजारासाठी आणि २०२० मध्ये गाठींमुळे होणाऱ्या आजारासाठी मान्यता मिळाली. ती अतिशय महाग आहेत आणि आयुष्यभर घ्यावी लागू शकतात. गाठ हाताला लागत असताना त्यांचा विचार करण्याचे कारण नव्हते.

खुब्यांच्या भेगांना आधी स्क्रू घालावेत का, यावर अस्थिशल्यचिकित्सकांशी बरीच चर्चा झाली. मऊ हाडात स्क्रूची पकड राहत नाही आणि भेगा आरपार नव्हत्या, म्हणून वॉकरच्या आधाराने वजन कमी टाकत आधी गाठ काढायची असे ठरले. गाठ भोवतीच्या निरोगी ऊतींच्या कडेसह अखंड काढण्यात आली. अशा गाठींची कड पेशींच्या पातळीवर धूसर असते आणि थोडासा अवशेषही पुढे एफजीएफ२३ स्रवू लागतो, म्हणून तळपायासारख्या जागीही कडेबाबत तडजोड केली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फॉस्फेट वाहून जायला लावणारी मेसेंकायमल गाठ असे निदान झाले. ती कर्करोगी नव्हती आणि कडा स्वच्छ होत्या.

रक्तातील एफजीएफ२३ चे निम्मे प्रमाण तासाभराच्या आसपास नाहीसे होते, त्यामुळे शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे लवकर कळते. दुसऱ्या दिवशी त्याची पातळी सामान्य मर्यादेत होती. फॉस्फेटचे औषध थांबवलेले असतानाही फॉस्फरस रोज थोडा वाढत पाचव्या दिवशी २.८ झाला. उपाशी हाडे आता खनिज ओढून घेऊ लागणार आणि कॅल्शियम उतरणार, हे गृहीत धरून कॅल्शियम आणि कॅल्सिट्रायॉल काही आठवडे चालू ठेवले. अल्कलाइन फॉस्फटेज पहिल्या दोन महिन्यांत वाढून ४०० च्या पुढे गेले, ज्यामुळे कुटुंब घाबरले. पण हाड भरून येतानाचा तो अपेक्षित चढ होता आणि वर्षभरात तो आकडा सामान्य झाला.

स्नायूंची ताकद हाडांच्या आधी परतली. तिसऱ्या महिन्यात ते खुर्चीतून हात न टेकता उठू लागले, सहाव्या महिन्यापर्यंत खुब्यांच्या भेगा भरल्या आणि वॉकर सुटला, आणि पुढच्या गोडी छाटणीला ते मांडवाखाली उभे होते, जरी वजन उचलण्याची कामे त्यांनी धाकट्या भावाकडे दिली आहेत. मणक्यांच्या दबलेल्या हाडांमुळे गेलेली उंची परत आलेली नाही आणि येणारही नाही. निदान तीन वर्षे लांबल्याने कायमचे नुकसान झाले ते एवढे.

अशा गाठी काही वर्षांनीही त्याच जागी पुन्हा येऊ शकतात, आणि एक्स-रेमध्ये किंवा दुखण्यात काही दिसण्याआधी फॉस्फरस घसरतो. म्हणून त्यांना दर सहा महिन्यांनी उपाशीपोटी सिरम फॉस्फरस करायला सांगितले आहे, तोही दिंडोरीतच. तो २.५ च्या खाली आला तर लघवीतील फॉस्फेट, एफजीएफ२३ आणि उजव्या पावलाचा एमआरआय, या क्रमाने पुढे जायचे ठरले आहे. शेवटचा अहवाल ३.३ आहे.